तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी आधी सांगून टाकते.

लातूरच्या एका डाळमिलचं ऑफिस मी सांभाळते. दोन वर्षांपूर्वी मुंबईची एक गुंतवणूक कंपनी आमच्या मिलमध्ये पैसा घालणार होती. हल्ली या कंपन्या नुसता नफा बघत नाहीत. पाणी किती वापरता, धूळ किती उडते, कामगारांना कसं वागवता – सगळी माहिती मागवतात आणि त्यावर ठरवतात. ती भरायचं काम माझ्याकडे आलं. तक्रारपेटीची किल्लीही माझ्याकडेच. ऑफिसात बाई मी एकटीच ना! बायका मोकळेपणानं लिहितील, असं त्या कंपनीचंच म्हणणं.

लिहिलं एकीनंच. मशीनवर काम करणाऱ्या कौशाबाईनं. तिला लिहिता येत नाही, म्हणून सातवीतल्या लेकीकडून लिहून घेतलं – पट्ट्याला जाळी नाही, पदर ओढला जातो, जाळी बसवा.

एवढंच. ती चिठ्ठी मी दाखवली असती तर काय झालं असतं? आधी जाळी बसवा, मग पैसे, असं त्यांनी म्हटलं असतं. महिनाभर उशीर – बस. मालकांनी खोटं लिहा म्हटलं नव्हतं, त्यांना चिठ्ठीचा पत्ताच नव्हता. मग मी का केलं? शाबासकीसाठी? हो, त्यासाठीच. चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि रकान्यात भरलं – तक्रारी: शून्य.

पैसा आला. मालकांनी पेढे वाटले, चारचौघांत माझं कौतुक केलं. पट्टा तसाच उघडा फिरत राहिला.

चार महिन्यांनी कौशाबाईचा पदर त्यात गेला. सोडवायला तिनं हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मी दवाखान्यात गेले. सफरचंदं घेऊन – लाज नाही बघा. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला वाटलं, ही आता विचारणार. तर ती मलाच धीर देत होती.

"तुमी तर चिठ्ठी पुढं दिलीच असंल, ताई. म्या पोरीलाच लई बोलले. म्हणलं, तुझंच अक्षर सायबाला लागलं नसंल."

लेक खाटेच्या पायाशी उभी होती. मान खाली.

तेव्हा तरी बोलता आलं असतं की नाही? मी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी आले.

अक्षर स्वच्छ होतं. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली होती.