लेडी मार्जरीच्या पायाशी

गुरुवारी इंग्लंडमधल्या हॉक्सबी गावचा बाजार भरायचा, आणि गुरुवारीच विल्फ पिंचबेक चर्चच्या दाराशी टेबल मांडून बसायचा. येईल त्याला चर्च दाखवायचं, हे काम त्यानं एकतीस वर्षं केलं. पोटासाठी तो बूट दुरुस्त करायचा. ते दुकान केव्हाच बंद झालं होतं. गाव त्याला ओळखायचं ते चर्चवाला विल्फ म्हणून. वय शहात्तर, पाठीला बाक, पण ऐकणारा भेटला की आवाज खणखणीत लागायचा.

चर्च सहाशे वर्षांपूर्वीचं. आलेली माणसं माना वर करून छपरातले लाकडी देवदूत बघत राहायची. विल्फ त्यांना थोडा वेळ तसं बघू द्यायचा आणि मग उत्तरेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात न्यायचा. तिथं दुधी दगडाच्या थडग्यावर, त्याच दगडात कोरलेली लेडी मार्जरी हात जोडून उताणी झोपलेली. नाक झिजलेलं, बोटं तुटलेली. थडग्याच्या कडेला, तिच्या पायाशी, वीतभर उंचीची एक मूर्ती होती. डोक्यावरून वस्त्र घेतलेली, मान खाली घातलेली.

"हे तिचं मूल," विल्फ सांगायचा. "जन्मलं आणि गेलं. त्याच्या आठवणीसाठी बाईनं चर्चची ही बाजू बांधून घेतली."

एखादी बाई वाकून मूर्तीच्या डोक्यावर हात ठेवायची.

ही गोष्ट मुळात विल्फची नव्हे, त्याच्या बायकोची, आयव्हीची. १९६६च्या फेब्रुवारीत आयव्ही बाळंत झाली आणि मुलगी मेलेलीच जन्माला आली. नर्सनं टॉवेलात गुंडाळून नेली. आयव्हीला तोंडसुद्धा दाखवलं नाही. डॉक्टर विल्फला म्हणाले, "पुढचं आम्ही बघतो. तुम्ही बायकोला घरी न्या. वर्षभरात दुसरं होईल." दुसरं झालं नाही. पहिलीला कुठं पुरलं, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि विल्फचा स्वभावही विचारण्यातला नव्हता.

आयव्ही वर्षभर कोणाशी धड बोलली नाही. मग एकदा बाजारातून येताना पिशव्या जड झाल्या म्हणून ती चर्चमध्ये टेकली. संध्याकाळी म्हणाली, "विल्फ, त्या दगडी बाईच्या पायाशी बाळ आहे. पाहिलंयस कधी?"

"असेल."

"असेल काय? आहे. जवळ ठेवून घेतलंय बघ तिनं त्याला."

त्या दिवसापासून आयव्हीला जायला एक जागा मिळाली. वाचनालयात बसून तिनं जुन्या कागदांतून मार्जरी हे नाव शोधून काढलं. कागदात दोन ओळी होत्या. बाकीचं सगळं आयव्हीनं स्वतःच्या पोटातून काढलं. ती बियाण्यांच्या कंपनीत टायपिस्ट होती. तिथंच सुट्टीच्या वेळात तिनं बारा पानांची पुस्तिका टाइप केली. तीच पुढं विल्फच्या टेबलावर ठेवलेली असायची आणि तीच गोष्ट तो सांगायचा. आपल्या मुलीबद्दल दोघांनी गावात कोणाला कधी सांगितलं नाही. आयव्ही जाऊन आता चार वर्षं झाली होती.

त्या एप्रिलमध्ये एका गुरुवारी डॉक्टर मेरेडिथ नावाच्या बाई आल्या. जुन्या थडग्यांचा त्यांचा अभ्यास होता. विल्फनं नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. बाईंनी मधे तोंड घातलं नाही.

"फार छान सांगता हो तुम्ही," शेवटी त्या म्हणाल्या.

"छान सांगतो, ते जाऊ द्या. खरं सांगतो की नाही?" विल्फ हसत म्हणाला. बाई हो म्हणणार याची त्याला खात्रीच होती.

बाई घुटमळल्या. "खरं सांगू? राग नका मानू. हे बाळ नाही. मोठ्या लोकांच्या थडग्याला अशा शोक करणाऱ्या माणसांच्या मूर्ती ओळीनं कोरायचे. या बघा, बाकीच्या तुटल्याच्या खुणा. आठ तरी असतील. ही एकच वाचली."

"पण एवढीशी?"

"सगळ्या एवढ्याशाच असायच्या." बाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी टॉर्चचा उजेड बाजूनं पाडला. "या, इथून बघा."

विल्फ कष्टानं वाकला. खाली घातलेल्या तोंडाखाली, वस्त्राच्या सावलीत, दोन टोकांची छोटीशी दाढी कोरलेली होती. इतक्या वर्षांत त्या कोपऱ्यात टॉर्च न्यायचं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"आणि या बाईंना मूल झाल्याचं कुठंच लिहिलेलं नाही," डॉक्टर मेरेडिथ म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून त्यांनी घाईघाईनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

"नको. गुडघे धरतात माझे," विल्फ म्हणाला.

ही गोष्ट गावात पसरायला आठवडा पुरला. मासळीवाला लेन पुढच्या बाजारात लांबूनच ओरडला, "काय रे म्हाताऱ्या, तुझ्या बाळाला म्हणे दाढी फुटली! आता वस्तरा आण त्याला!" आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. विल्फही हसला. लेन वाईट माणूस नव्हता, त्याला काही ठाऊक नव्हतं.

पाद्रीबाई हिलरी स्वतः घरी आल्या. "विल्फ, नवीन माहितीफलक लावायचेत. पुस्तिका आता टेबलावर ठेवता यायची नाही. पण टाकून देणार नाही हं, कपाटात जपून ठेवू."

"ठेवा कुठंही," विल्फ म्हणाला.

आयव्हीला हे ऐकावं लागलं नाही, एवढंच तो स्वतःला सांगत राहिला. पण रात्रंदिवस एकच गोष्ट त्याला खात होती: मुलगी तिथं नाही, मग आहे कुठं? वयाच्या शहात्तराव्या वर्षी तो पहिल्यांदा विचारायला निघाला. दफनभूमीच्या कचेरीतल्या तरुण बाईनं तीन जाड वह्या काढल्या आणि बोट ठेवून पानं वाचली.

"त्या काळात अशी बाळं दुसऱ्या कुणाच्या तरी शवपेटीत ठेवायचे, आजोबा, नाहीतर सामायिक खड्ड्यात. नोंद व्हायचीच असं नाही. नाव काय होतं?"

"ठेवलं नव्हतं."

तिनं वही हळूच मिटली. "मग मी तरी कशावरून शोधू?"

बाहेर गवताचा मोठा उतार होता, त्यावर एकही दगड नव्हता. एक माणूस यंत्रानं गवत कापत होता. विल्फ थोडा वेळ कुंपणाशी उभा राहिला. कुठं बघायचं ते कळेना, तेव्हा बस पकडून घरी आला.

जूनपर्यंत तो गुरुवारी टेबलाशी बसत राहिला. एकदा एक कुटुंब आलं. त्यांची धाकटी मुलगी थेट कोपऱ्यात धावली. "आजोबा, हा कोण?"

"शोक करणारा माणूस."

"का रडतो?"

"कामच ते त्याचं."

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "या बाईंची काही गोष्ट असेल ना?"

विल्फनं तोंड उघडलं. सगळं पाठ होतं, पहिलं वाक्य ओठावर आलंही. "मला माहीत नाही हो," तो म्हणाला. दोन मिनिटांत ती माणसं निघून गेली.

त्याच संध्याकाळी त्यानं चर्चची किल्ली पाद्रीबाईंना दिली. "लोक तुम्हाला विचारतील, विल्फ," त्या म्हणाल्या.

"विचारू देत."

टेबल ब्रेंडा नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडे गेलं. दिव्यांची बटणं कुठली कुठली, ते विल्फनं तिला एकदा दाखवलं. आता गुरुवारी तो बाजारातसुद्धा येत नाही. पाव, दूध, अंडी जे लागेल ते बुधवारीच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून ठेवतो.