अण्णा दामल्यांचं राहिलेलं मत

साल १९५६, दिवाळीनंतरचा पहिला रविवार. कोपरी, दामल्यांची बाहेरची खोली. हजर : अण्णा दामले, त्यांची मुलगी कुसुम, डोंबिवलीहून आलेले त्यांचे ऑफिसातले सोबती पेंडसे आणि वहीसकट शेजारीण मी.

अण्णा अँप्लिफायर घरी बांधायचे आणि तुलना नेहमी चादरीआड करायचे. "डोळ्यांना मत नाही," म्हणायचे. "मोठं खोकं दिसलं की आवाजही मोठा वाटतो." ऐकणाऱ्यांनी 'पहिला' की 'दुसरा' एवढंच सांगायचं, मी लिहायचं.

त्या दिवशी अण्णांचा एका व्हॉल्व्हचा होता आणि पेंडशांचा जोडव्हॉल्व्हांचा, पुश-पुल.

"अण्णा, तुमचा ब्रह्मचारी आज हरणार."

"हरू दे की. नुसता ओरडून जिंकू नका म्हणजे झालं."

परीक्षेला अण्णा गाण्याची रेकॉर्ड कधी घेत नसत. "गाणं कशावरही गोड लागतं. ओळखीचा आवाज लावा." तो आवाज त्यांच्या पत्नीचा, मुंबईत एका दुकानात तबकडीवर भरून घेतलेला. ती गेली तेव्हा कुसुम दोन वर्षांची. असली तबकडी मऊ असते. सुई दर वेळी थोडा आवाज खरवडून नेते. कुसुम शाळेत गेलेली असताना प्रत्येक नवा अँप्लिफायर अण्णांनी त्या तबकडीवर तपासला होता. कुसुमला मात्र, "मनासारखा जमला की ऐकवतो." आता तिचं लग्न झालं होतं. मंगळवारी ती नागपूरला निघणार होती.

पेंडशांनी चादरीआड पहिला लावला. घूं असा आवाज, त्यामागून दबकं, पण अगदी जवळून : "लागलं का हो?" मग अंगाईच्या चार ओळी. कुसुमच्या हातातला सुई-दोरा थांबला.

दुसऱ्यावर शब्द न् शब्द स्वच्छ. ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा. पण ओरखडेही फोडणीसारखे तडतडले. अण्णांनी सुई उचलली. टोकाला राखाडी भुकटी.

"अजून एकदा निघेल," पेंडसे हळूच म्हणाले. "फार तर."

"मग पहिला पुन्हा. त्याशिवाय निकाल नाही."

कुसुमने तबकडीवर आडवा हात धरला. "अण्णा, मला आई ऐकायचीय. तुम्हाला यंत्र ऐकायचंय."

अण्णांनी तिच्या हाताकडे बघितलं.

"कुठल्यावर लावू?"

"तिचा श्वास आला, त्यावर."

अण्णांनी चादर ओढून काढली, सुई बदलली, टेकवली. कुसुमने डोळे मिटले, तसे ते पाय न वाजवता गॅलरीत गेले. मी मागोमाग.

"अहो, आत या."

"नको वहिनी. मी आलो तर यंत्रच ऐकेन."

आत चौथ्या ओळीला नुसती खरखर उरली. कुसुमने डोळे उघडले तेव्हा अण्णा आपल्या जागी उभे होते.

पुढे अण्णा वारल्यावर कुसुमचं पत्र आलं. 'तिसऱ्या वेळी आई आम्ही दोघांनी मिळून ऐकली. अण्णांचं मत कुणाला पडलं, तेवढं वहीत बघून कळवा.'

वही काढली. तिसऱ्या वेळेच्या नोंदीत माझंच अक्षर : 'अण्णा – गैरहजर.'

पोस्टकार्ड आणलंय. पत्ता लिहून झालाय. मजकूर राहिलाय.