घाईत विचारलेला प्रश्न

माझा पाय एका जागी राहत नाही. खुर्चीत बसले की उजवी टाच आपोआप हलायला लागते. दुसऱ्यांना शांत करायचं काम करणाऱ्या बाईला हे शोभत नाही, कळतं मला.

एकोणिसाव्या वर्षी हे सुरू झालं. बदनापूरहून जालन्याला कॉलेजला निघालेली आमची काळीपिवळी जीप उलटली. माझ्या कोपराला टाके पडले. शेजारी बसलेली बाई गेली. पुढे महिनाभर घरी माणसं भेटायला येत राहिली आणि प्रत्येकाला सगळं मुळापासून ऐकायचं होतं. आई चहा टाकता टाकता म्हणायची, "सांग की गं, कसं झालं ते. मोकळं वाटेल." मी सांगायची. पाहुणे हळहळून निघून जायचे आणि त्या दिवशी मला जेवण जायचं नाही. नको म्हणता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

समुपदेशनाकडे वळले ती बहुतेक त्यामुळेच. माणसाला त्याच्या चालीनं बोलू द्यायचं, नसेल बोलायचं तर तेही चालवून घ्यायचं, असं आमच्या बाई शिकवायच्या. मी वहीत लिहूनही घेतलं नाही. हे तर मला येतंच, असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी टेंभुर्णीहून एक बाई आल्या. तिशीच्या, शिवणकाम करणाऱ्या. भावजय त्यांना घेऊन आली होती. माझी खोली जुन्या जालन्यात, एका कापडाच्या दुकानावर. भावजय खाली दुकानातच थांबायची. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून यांना झोप नाही, घरात दारही लावू देत नाहीत, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. ते ऐकूनही, बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून मी सवयीनं कडी लावली.

"बसा ना, ताई."

"न्हाई, मी उभीच बरी हाय."

तीन गुरुवार त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, रस्त्याकडे बघत. खाली रिक्षांचे हॉर्न, आत आम्ही दोघी गप्प. तिसऱ्या खेपेला मला ती शांतता सहन होईना. मी बोलून गेले, "त्यांनी नेमकं काय केलं ते एकदा सांगून टाका. मोकळं वाटेल."

तो माझ्या आईचाच आवाज होता.

बाई दाराकडे धावल्या. कडी त्यांच्या हातून दोनदा सटकली. मग निघाली आणि त्या जिन्यानं खाली गेल्या. मी मागोमाग पळाले. दुकानाच्या पायरीवर त्या धापा टाकत बसल्या होत्या. भावजय पाणी आणायला धावली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "विचारायला नको होतं."

पाण्याचे दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "विचारल्याचं काही न्हाई. कडी कशाला लावता? तो भायेरून कडी लावून जायचा. दोन-दोन दिवस. तिन्ही येळा जीव घाबरा झाल्ता माझा."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हणलं, तुमची पद्धत असंल."

तो आठवडा मी कशातच रमले नाही. पुढच्या गुरुवारी अकरापासून जिन्याशी येरझाऱ्या घालत होते. त्या तासभर उशिरा आल्या. "कुठं बसू या आपण?" मी विचारलं. त्यांनी खुर्ची उचलली आणि थेट उंबऱ्यात मांडली. दार सताड उघडं. मी स्टूल घेऊन जवळ बसले.

"खाली ऐकू जाईल हं."

"जाऊ द्या. मी काय चोरी केली का?"

आता कुणीही आलं की मी आधी दाराचं विचारते. कुठं बसायचं ते त्यांनी ठरवायचं, कधी थांबायचं तेही.

त्या आठ महिने येत होत्या. कधी ब्लाउजच्या बाह्यांबद्दलच बोलायच्या, कधी अचानक त्या घराबद्दल. एकदा अर्ध्या वाक्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "आज एवढंच. बस." पुढं काय झालं ते ऐकायला माझा जीव तगमगत होता. मी फक्त "बरं" म्हणाले. त्या खाली गेल्या आणि अस्तराचं कापड निवडत बसल्या.

आता त्यांना झोप लागते, असं भावजय सांगते. ते अर्धं राहिलेलं वाक्य मात्र त्यांनी मला कधीच पुरं करून सांगितलं नाही.