वाफ्यामागचा डबा

"वहिनी, तुमच्या त्या गड्यानं वांग्याच्या वाफ्यामागं कायतरी पुरलं. मी सोता पायलं!" दीर रविकांत कुऱ्हाड घेऊनच मळ्यात आला होता. "बंदूक असन. ठाण्यात फोन लावू का?"

देवकाबाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. पोलीस आले की खुशालचं इथलं बस्तान संपलं. बंदूक निघाली तर तिचंही.

खुशाल पाच महिन्यांपासून तिच्याकडे कामाला होता. एकोणिसाव्या वर्षी जंगलात नक्षल्यांत जाऊन त्यानं बारा वर्षं बंदूक वाहिली. खांद्यात गोळी घुसली तेव्हा आदिलाबादला पोलिसांना शरण आला. उजवा हात अजून वर जात नव्हता. कामात मात्र कसूर नाही. पण जेवायला बसला की पाठ भिंतीला, आणि मळ्यात यायची वाट रोज वेगळी. ते तिला पहिल्यापासून खुपत होतं.

"थांबा भाऊजी. मळा माझा हाये." तिनं खुशालला हाक मारून कुदळ पुढं केली. "खण."

तो जागचा हलला नाही. "काकी, राहू द्या ना ते."

"काऊन?"

खुशालनं कुदळ घेतली. मग त्यानं डाव्या हातानं खणायला घेतलं. प्लास्टिकचा डबा निघाला. आत तांदूळ, मीठ, काडेपेटी, तापाच्या गोळ्या.

"घरात पोतं भरून तांदूळ, आन् हे इथं?"

"जंगलात असंच पुरून ठेवत होतो. अचानक पळा लागलं तर कामी येते. इथं आल्या आल्याच पुरला. किडे पडतात म्हणून तांदूळ बदलून राह्यलो होतो."

"आता कोण मागं लागलं तुह्या?" रविकांतनं दरडावलं.

खुशाल कुऱ्हाडीकडे पाहत म्हणाला, "शरण आलो तवा माह्या वकीलबाईनं एक फ्रेंच शब्द सांगितला होता. ऑर द काँबा. जखमी झालेला, शरण आलेला, लढाईतून बाद झालेला माणूस. त्याच्यावर कोणी हत्यार उचलायचं नाही, असा जगाचा कायदा हाये म्हणे. गावाला कोणी सांगितला का, मले ठाव नाही."

"भाऊजी, कुऱ्हाड खाली ठेवा."

रविकांतनं ठेवली. हातातला फोन मात्र खिशात घातला नाही.

देवकाबाईनं काठी घेऊन खड्ड्याचा तळ चारही बाजूंनी टोचून पाहिला. माती, नुसती माती. मग ती खुशालकडे वळली.

"पुर परत. पण यापुढं तांदूळ बदलशील तवा मले सांगून."