दाजींची वाळूची पेटी

गणपत मोरे गेट सोडून कॅन्टीनच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच मी समजलो. सकाळच्या शिफ्टची गर्दी ओसरली होती, मी उसळीच्या पातेल्यावर झाकण ठेवत होतो आणि हा बाबा टोपी हातात धरून नुसता उभा. गणपत आमच्या कंपनीच्या गेटवरचा जुना माणूस, मोशीचा. गेट सोडणं म्हणजे पाप, हे ज्या माणसानं त्याच्या डोक्यात भरवलं, तो माणूस गेल्याशिवाय गणपत गेट सोडणं शक्यच नव्हतं. "सदाभाऊ, देहूरोडवरनं फोन हाय... जमादारसाहेब गेलं," तो म्हणाला. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? दाजींना हे कळलं तर ते गणपतला उभा सोलतील, की गेटवर आता कोण आहे म्हणून!

दाजी म्हणजे शिवराम भालेराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, शांताक्काचे यजमान. त्यांना जाऊन महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन मीही, पण आधी मला जरा चिडून घेऊ द्या. इतकी वर्षं या माणसानं माझं डोकं खाल्लं आहे, त्याचा काही हिशेब नको का लागायला?

दाजी फौजेत हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर होते. बासष्ट साली चीनशी लढाई पेटली तेव्हा त्यांची नेमणूक देहूरोडला होती आणि दिवसरात्र रायफली तपासून पुढे धाडायचं काम चालू होतं. अक्काचं लग्न नुकतंच झालं होतं. त्या धामधुमीत एकदा ते जेवायला घरी आले आणि मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "दाजी, तुम्ही बंदुका दुरुस्त करता म्हणे?" झालं! त्यांनी भाकरी खाली ठेवली. "पाव्हणं, बंदूक वेगळी, रायफल वेगळी. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, छर्रे पसरत जातात. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्या खाचा गोळीला फिरवतात, म्हणून ती भोवऱ्यासारखी सरळ जाते." मग पिस्तूल वेगळं आणि रिव्हॉल्व्हर वेगळं, कारण रिव्हॉल्व्हरला गोळ्यांचं फिरतं चाक असतं. एका माणसाला उचलून एकट्यानं चालवता येतं ते सगळं लहान हत्यार, आणि ज्याला गाडी नाहीतर चार माणसं लागतात ते मोठं. कालवण थंड झालं. अक्का पदराआडून हसत होती. मी त्या दिवशी शपथ घेतली की या माणसापुढे पुन्हा बंदुकीचं नाव काढायचं नाही.

पण आपण नाव काढलं नाही म्हणून ते थांबतील तर ना! न्हाणीघराची कडी लावताना सुद्धा सांगणार, "बोल्ट हाच. पुढं ढकलला, गोळी घरात गेली. वळवला, दार बंद झालं. मागचं दार घट्ट बंद झाल्याशिवाय बार उडता कामा नये, नाहीतर उडवणाराच उडायचा." पुढं आपोआप भरणाऱ्या रायफली आल्या तेव्हा अक्काच्या कुकरची शिट्टी हे त्यांचं उदाहरण झालं. गोळी नळीतून पुढं पळते, तिच्यामागचा थोडा वायू एका भोकातून वळवून घेतात, तो दांड्याला मागं ढकलतो, दांडा बोल्ट उघडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंग सगळं पुन्हा जागेवर आणताना नवी गोळी आत सारते. हे सगळं खरं असेलही. पण डाळ शिजली की नाही हे कोणी बघायचं? माणसांचीही त्यांनी वर्गवारी लावली होती. मी म्हणे बोल्टवाला, प्रत्येक शब्दाला मागं ओढावं लागतं. आणि अक्का आपोआप चालणारी, एकदा घोडा दाबला की मॅगझिन संपेपर्यंत थांबत नाही. यावर अक्का जे बोलायची त्यानं त्यांचं म्हणणं सिद्धच व्हायचं.

सगळ्यात वैताग आणायची ती त्यांची एक सवय. फौजेत म्हणे हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात देताना आधी उघडून दाखवायचं, "रिकामी आहे, बघा," म्हणायचं, आणि घेणाऱ्यानं स्वतः आत बघून "बघितलं" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय देणारा हात सोडत नाही. हत्याराचं ठीक आहे हो! हा माणूस डबा परत देताना झाकण उघडून तिरका करायचा, "रिकामा आहे, बघा," आणि मान तिरकी करून तसाच धरून उभा राहायचा. पाण्याचा तांब्या तसाच. स्टोव्हची टाकी तशीच. अक्का सवयीनं "बघितलं" म्हणून मोकळी व्हायची. मी कधीच म्हटलं नाही. "द्या हो इकडं," म्हणून ओढून घ्यायचो. ते मान हलवायचे, मी दात खायचो.

फौजेतून सुटल्यावर ते पिंपरीला आमच्याच कंपनीत सिक्युरिटी जमादार म्हणून लागले. मीच शब्द टाकला होता, आता कोणाला सांगू? जमादाराला गेटमागं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि त्या क्वार्टरमध्ये नळ होता. हे वाचून ज्यांना काही वाटणार नाही त्यांच्या घरी नळ असावा. अक्कानं जन्मभर सार्वजनिक नळावर रांगा लावल्या होत्या. त्यातही कोणत्या नळावर कोणी हंडा लावायचा याचे जुने टोमणे तिनं लहानपणी ऐकले होते. पहिल्या दिवशी तिनं तो नळ उगाचच तीनदा सोडून बंद केला. म्हणाली, "सदा, आपल्या घरात पाणी वाजतंय बघ."

वॉचमन लोकांकडे एक दुनळी बंदूक होती, बारा बोअरची, मधे मोडून भरायची. दाजींनी आल्या आल्या गेटवर वाळू भरलेली एक लाकडी पेटी ठेवली. बंदूक भरायची, मिटायची किंवा रिकामी करायची तर नळीचं तोंड त्या पेटीतच हवं. लोक त्या पेटीत तंबाखू थुंकायचे, मांजरं आपलं काम उरकायची, आणि दाजी रोज ती वाळू चाळायचे. मॅनेजरसाहेबांच्या गाडीला त्या पेटीमुळं वळण अडायचं, त्यावरून दोनदा बोलणीही खाल्ली. पेटी काही हलली नाही.

आणि मग खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात सगळी यंत्रं पुसून, झेंडूच्या माळा घालून पुजतात. वॉचमन लोक बंदूकही पुजायचे. तिला खोबरेल तेलानं चोळायचे, वरून हळदकुंकू. आरती झाली की हवेत एक बार काढायची पद्धत होती. दाजी बौद्ध. पूजेला ते हात लावत नसत, दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून वंदनेला जात. पण बंदुकीला लागलेलं कुंकू बघून त्यांचा जो जळफळाट व्हायचा तो धर्माचा नव्हता, कारागिराचा होता. "हत्याराला तेल कुठलं लावायचं ते ठरलेलं असतं. हे डोक्याला लावायचं तेल!" मी एकदा म्हणालो, "दाजी, त्यांची पूजा, तुमची तपासणी. तुमची तर महिन्याला असते!" त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

मग एका वर्षी आरती झाली. मॅनेजरसाहेब सहकुटुंब हजर. गणपतनं पेटीत नळी धरून बंदूक भरली आणि मिटली. मिटताक्षणी बार उडाला. सगळी वाळू भटजींच्या ताटात, पेढ्यांवर, साहेबांच्या बायकोच्या शालूवर. कोणाला ओरखडा नाही. पण ती बाई त्या पेटीपासून हातभरावर उभी होती.

दुसऱ्या पाळीला कॅन्टीनच्या टेबलावरच चौकशी झाली. साहेबांचं ठरलेलं होतं की गणपतचं बोट घोड्यावर होतं, त्याला काढायचा. गणपत हात जोडून "न्हाई वो सायेब, बोट भायेर हुतं," एवढंच म्हणत होता. त्याची तिन्ही पोरं लहान होती. दाजींनी बंदूक मागवली, उघडून दाखवली, साहेबांकडून "बघितलं" म्हणवून घेतलं (तशातही!), आणि स्क्रू काढून आतलं कुलूप, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, उघडलं. आत काळपट गोळा. वर्षानुवर्षांचं खोबरेल आणि कुंकू, वाळून चिकट झालेलं. "काडतुसावर आपटणारा आतला हातोडा ताणून धरायला हा एक दात असतो," दाजी म्हणाले. "तो या खाचेत पूर्ण बसायला हवा. राड साचल्यामुळं जेमतेम टेकला होता. बंदूक मिटताना धक्का बसला, दात निसटला. गणपतचं बोट कुठंही असतं तरी बार उडालाच असता."

साहेब म्हणाले, "म्हणजे साफसफाई नाही. ती वॉचमननंच करायची ना? मग जबाबदार हाच."

मी टेबलाखालून दाजींच्या पायावर पाय दिला. साहेबांनीच वाट काढून दिली होती. गप्प बसायचं, दुसरं काय करायचं होतं? दाजींनी पाय काढून घेतला आणि उभे राहिले. "वॉचमनला कुलूप उघडायची परवानगी नाही साहेब. ते काम माझं. महिन्याच्या तपासणीत मी ही बंदूक वरून बघितली आणि ठीक म्हटलं. उघडायला हवी होती. उघडली नाही. चूक माझी आहे."

हात दाखवून अवलक्षण! गणपत राहिला, जमादार गेले. क्वार्टर महिन्याभरात सोडावं लागलं. आणि जे सांगायला हवं होतं ते या माणसानं सांगितलंच नाही, की ती पेटी नसती तर त्या दिवशी पूजेऐवजी प्रेतं उचलावी लागली असती. सामान टेम्पोत चढवताना मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडलो, "निदान पेटीचं तरी बोलायचं होतंत!" ते म्हणाले, "पेटी तिथं असायलाच हवी होती, म्हणून होती. त्यात सांगायचं काय?" मग मी विचारलं, की तुम्ही, तुम्ही दाजी, कुलूप न उघडता बंदूक कशी सोडलीत? त्यांनी टेम्पोची दोरी आवळली. "कुंकू बघितलं की माझं डोकं फिरायचं. पुसायचं आणि बंदूक दूर ठेवायची, एवढंच व्हायचं. चिडलेल्या माणसानं तपासणी करू नये, पाव्हणं." अक्का आत होती. नळ बंद केल्याचा आवाज आला.

नंतर देहूरोडला भाड्याच्या खोलीत राहिले. स्टोव्ह, शिलाई मशीन, कुलपं दुरुस्त करायचे. अक्का पुन्हा रांगेत उभी राहायला लागली. तिनं त्यांना त्यावरून बोलून दाखवल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि याचाही मला राग येतो. मी विचारलं तर म्हणाली, "पाणी काय, भेटतंय. गणपतची पोरं दारात येऊन रडली असती तर तो आवाज मला बंद करता आला असता का?" या दोघांनी संगनमत करून मला एकट्याला चिडायला ठेवलं होतं.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. मुगाचं कढण कसंबसं प्याले, ग्लास तिरका करून माझ्यापुढं धरला. "रिकामा आहे..." बघा म्हणायलाही दम नव्हता. "ठेवा आता, दाजी," मी म्हणालो आणि ग्लास काढून घेतला. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला.

परवा शिफ्ट बदलताना मी गेटवरून निघालो होतो. पेटी अजून तिथंच आहे. दोन मॅनेजर बदलले, पेटी हलली नाही. गणपत आता जमादार आहे. पाळीवर येणारा वॉचमन उशीर करत होता आणि गणपतला त्याआधी बंदूक कपाटात बंद करायची होती. "सदाभाऊ, दुसरं कुनी न्हाई, तुमीच बघा जरा," म्हणाला. नळीचं तोंड वाळूत धरून त्यानं बंदूक मोडली, काडतुसांच्या दोन्ही घरांत करंगळी घालून फिरवली, मग नळ्या वर उचलून माझ्या डोळ्यांसमोर आणल्या. "रिकामी हाय. बघा."

मला बस गाठायची होती. "बरं, ठीक आहे," म्हणालो. गणपत हलला नाही. तसाच धरून उभा, मान किंचित तिरकी. ती मान मी ओळखली... मग मी वाकून आत डोळा लावला. दोन स्वच्छ, चकचकीत नळ्या आणि त्यांच्या टोकाला संध्याकाळच्या उजेडाची दोन गोल नाणी. तेलाचा वास बरोबर होता, हत्याराच्या तेलाचा.

"बघितलं," मी म्हणालो.

गणपतनं नळ्या पुन्हा वाळूत टेकवल्या आणि बंदूक मिटली. कडी लागल्यासारखा एक लहान आवाज झाला, बाकी काही नाही.