शाल्मलीचा डावा कान

सुमेधा माराच्या गोष्टी फार रंगवून सांगायची. सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातल्या कुठल्याही मराठी घरी जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणायचंच, "सुमेधा, तो छत्रीचा किस्सा होऊन जाऊ दे." मग ती उठायची, नसलेला पदर खोचायची आणि सांगलीची तिची आई व्हायची. गणितात नापास झाली म्हणून आईने छत्री मोडेपर्यंत कसं बडवलं आणि मग छत्री मोडली म्हणून आणखी कसं बडवलं, हे ऐकून लोक पोट धरून हसायचे. आपल्या लोकांचं हे मला कधी कळलंच नाही. "आम्ही मार खाल्ला, काय बिघडलं आमचं?" म्हणतात आणि गुलाबजाम वाढून घेतात.

काय बिघडलं ते २०२१मध्ये दिसलं. नवरा, शिरीष, वडील गेले म्हणून पुण्याला गेला आणि विमानं बंद झाल्यामुळे सात महिने तिकडेच अडकला. इकडे सिडनीत लॉकडाऊन. घरात सुमेधा, तेव्हा पंधरा वर्षांची शाल्मली, तेरा वर्षांचा सोहम आणि एकाच टेबलावर तीन लॅपटॉप. सुमेधाचा हात आधी पाठीत पडला, मग तोंडावर. भात करपला म्हणून पडला, ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवला म्हणून पडला. एकदा तिने शाल्मलीला वेणी धरून हॉलभर फरफटवलं. सोहम टीव्हीचा आवाज वाढवायचा. दर वेळी सुमेधा नंतर ढसाढसा रडायची, पोरांसाठी शिरा करायची आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

ऑगस्टमध्ये शाल्मली तिला म्हणाली, "यू आर मेंटल." सुमेधाने सगळा जोर एकवटून तिच्या डाव्या कानाखाली वाजवली. पोरगी ओव्हनच्या हँडलवर जाऊन आपटली. कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता. डॉक्टरांना शाल्मलीनेच सांगितलं, "बॅकयार्डमध्ये नेटबॉल लागला." आई शेजारी मास्क लावून गप्प उभी होती. त्या दिवसापासून तिने हात उचलला नाही. पण खरंही बोलली नाही; फोनवर शिरीषलाही नेटबॉलच सांगितला.

पुढच्या वर्षी शिरीषने क्रीटची तिकिटं काढली. "दोन वर्षं घरात सडलो, आता ग्रीसच्या बेटावर दहा दिवस नुसतं पाण्यात," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. चौघांचं समुद्रातलं डायव्हिंगही त्याने बुक केलं.

शाल्मलीने आईला कपड्यांच्या घड्या घालताना गाठलं. "आय कान्ट डाइव्ह, आई. बाबा कानाचं विचारेल. मी परत खोटं बोलणार नाही. तू सांग. नाहीतर मी येत नाही, अंजूमावशीकडे राहीन."

सुमेधा तीन आठवडे आज सांगू, उद्या सांगू करत राहिली.

निघायच्या आदल्या रविवारी चारुदत्त आणि मंजिरी या मित्रांकडे जेवण होतं. छत्रीचा किस्सा झालाच. हातातला डाव छत्रीसारखा धरून सुमेधा अजून उभीच होती, तेवढ्यात चारुदत्तने विचारलं, "काय शाल्मली, डायव्हिंग ना?"

शाल्मलीने आईकडे पाहिलं. उत्तर शिरीषने दिलं. "तिला नेटबॉल लागला होता रे कानाला. डॉक्टरांना विचारून घेऊ."

"नेटबॉल नव्हता," सुमेधा म्हणाली. "मी मारलं तिला. पडदा फाटेपर्यंत मारलं."

सगळे खो खो हसले. मंजिरीने डोळे पुसले. "हिचं टायमिंग बघा."

"अगं, खरंच मारलं," म्हणत सुमेधा लेकीकडे वळली. डाव हातात तसाच होता. शाल्मलीने झटकन मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

हसणं थांबलं. सोहमचा हात टीव्हीच्या रिमोटकडे गेला होता.

"शाल्मली?" शिरीष म्हणाला.

तिने हात खाली घेतले. "मी येईन क्रीटला, बाबा," ती म्हणाली. "बट आय वोन्ट स्लीप इन हर रूम."