दारात गाडी असताना

शिरूरच्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या धाकट्या जावेला एकाच दिवशी एकच सांगितलं. पोटाचा घेर वाढलाय, साखर आणि बीपी दोन्ही वर चाललेत. रोज भरभर चाला आणि आठवड्यातून तीन दिवस वजनं उचला. नुसतं एक करून भागणार नाही.

"शेतात राबतोय की आम्ही," जाऊ म्हणाली. खोटं होतं ते. पाणी ठिबकनं जातं, खुरपायला मजूर येतात, दळण मोटारसायकलवर जातं. राबणं कधीच सुटलं होतं, खाणं मात्र राबणाऱ्याचंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निमोण्याच्या रस्त्यानं चालायला लागलो. आमच्याकडे बाई पायी दिसली की गाडी थांबतेच. "बसा, सोडतो." मी सरळ नाही म्हणायचे. जावेला ते जमायचं नाही. "आबा थांबल्यात, न्हाई कसं म्हणू, ताई?" असं म्हणून ती मागे बसायची आणि मला हात करत निघून जायची.

तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून आम्ही अंगणात उचलायचो. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "नळाला पाणी येत न्हाई व्हय गं?" मी हसले. जाऊ कॅन ठेवून आत गेली, ती पुन्हा कॅनला हात लावायला आली नाही.

मग दीर गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले. "वहिनी, माणसं मला इचारत्यात. दारात गाडी आसून बायका पायी हिंडत्यात, घरात भांडणं हायती का? तुमचं तुम्ही बघा, हिला नगा नेऊ."

जावेनं मान खाली घातली. मीही फार ताणलं नाही. एकटीनं चालणं मला सोपं पडत होतं.

वर्षभरात माझी साखरेची गोळी अर्धी झाली. दीर निवडून आले. पुढच्या उन्हाळ्यात दौंडला एका लग्नात जावेला लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली.

आता दीर रोज सकाळी तिला हाताला धरून रस्त्यानं चालवतात. घरी आल्यावर तिनं वाळूची छोटी पिशवी दहा वेळा उचलायची असते. गाड्या अजून थांबतात, पण बसा असं कुणी म्हणत नाही. "चालायलाच पायजे. लई करता बायकोचं," म्हणतात.

परवा दीर मला म्हणाले, "वहिनी, तवाच तुम्ही हिला नेटानं चालवायला पायजे व्हतं."

मी काही बोलायच्या आत जाऊच बोलली, अर्ध्या तोंडानं, एकेक शब्द ओढत. "दारात... गाडी... व्हती."

दिरांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि मोजायला लागले. "एक."